जुन्या डिझेल गाडीची ऑइल गळती : गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय काय तपासायचं?

पोडियम_कोपरा
गाडी २०११ ची डिझेल हॅचबॅक, १२४८ सीसी कॉमन रेल इंजिन, १,३२,००० किमी. ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो, गाडी सोसायटीच्या पोडियमवर असते. रात्रभर उभी राहिली की सकाळी फरशीवर रुपयाएवढा काळा ठिपका पडलेला असतो, साधारण इंजिन आणि गिअरबॉक्स जुळतात त्याच्या खाली. ऑइल १०,००० किमीला बदललं जातं, ग्रेड ५डब्ल्यू-३०.
गॅरेजचं निदान : क्रँकचं मागचं सील (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या टोकाला ऑइल अडवणारी रबरी कडी) गेलं. गिअरबॉक्स उतरवायचा, आणि उतरवलाच आहे तर क्लच प्लेटही बदलायची. अंदाज वीस हजारांच्या पुढे.
सील खरंच गेलंय की नाही, हे गिअरबॉक्स न उतरवता कळेल का? आणि तोवर गाडी चालवायची की उभी ठेवायची?

गोटीपाना_दहा
कळतं, आणि कळल्याशिवाय गिअरबॉक्सला हात लावू देऊ नका. ठिपका कुठे पडतो त्यावरून गळती कुठे आहे ते ठरत नाही. ऑइल वरून झिरपतं, खाली येतं, चालत्या गाडीत वाऱ्याने मागे ढकललं जातं आणि शेवटी सगळ्यात खालच्या कडेवरून टपकतं. तुमच्या गाडीत ती कड बेल हाउसिंगची, म्हणजे क्लच ज्या घंटेसारख्या खोळीत असतो तिची. वर कुठेही गळालं तरी ठिपका तिथेच पडणार.

आधी गळतंय ते काय आहे, ते ठरवा. मोठ्या खोक्याचा पुठ्ठा गाडीखाली सरकवा. त्यावर पुढच्या दोन्ही चाकांच्या जागा आणि बंपरची रेघ पेनाने आखून घ्या, म्हणजे थेंब इंजिनच्या कुठल्या भागाखाली पडला ते नंतर मोजता येतं. सकाळी प्रत्येक डागाला पांढरा टिश्यू लावा.
इंजिन ऑइल डिझेल गाडीत काळंच असतं आणि टिश्यूवर हळूहळू पसरतं. गिअर ऑइल घट्ट असतं, रंग मधासारखा, आणि वास गंधकाचा, कुजक्या अंड्यासारखा. तो एकदा घेतला की विसरत नाही. डिझेल पातळ, टिश्यूवर भराभर मोठा होत जाणारा फिकट डाग, वास ओळखीचा. कूलंटचा वास किंचित गोडसर, बोटाला चिकट लागतो, रंग हिरवा किंवा लाल. नुसतं पाणी असेल आणि एसी चालवला असेल तर तो एसीचा निचरा, त्याची काळजी नको.
इथे गिअर ऑइल निघालं तर चर्चाच बदलते, कारण मग क्रँकचं सील नाही, गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं किंवा ड्राइव्ह शाफ्टचं सील बघावं लागेल.

ऐरोली_सेक्टर
गाडी चालवायची की नाही, त्याचा हिशेब करून बघा. साधारण २५ थेंबांचं एक मिली धरलं तर रात्रीचे पाच थेंब म्हणजे ०.२ मिली, वर्षाला ७३ मिली. डिपस्टिकवर किमान आणि कमाल खुणांमध्ये बहुतेक गाड्यांत साधारण एक लिटर असतं. म्हणजे उभ्या गाडीच्या थेंबांनी इंजिन कोरडं पडत नाही.
पण इंजिन चालू असताना ऑइल दाबाखाली असतं, आणि दाबाच्या जागेची गळती उभ्या गाडीत दिसते त्याच्या कितीतरी पट असू शकते. म्हणून ठिपक्याच्या आकारावर जाऊ नका, डिपस्टिक बघा. सपाट जागा, इंजिन बंद करून दहा मिनिटं, काडी पुसून पुन्हा घालून मग वाचायचं. दर ५०० किमीला आकडा लिहून ठेवा.
टर्बो किंवा एक्झॉस्टवर ऑइल पडून जळका वास येत असेल, बॉनेटमधून धूर दिसत असेल, किंवा ऑइलचा दिवा एकदाही लुकलुकला असेल, तर गाडी जागची हलवू नका. तापलेल्या एक्झॉस्टवरचं ऑइल पेट घेऊ शकतं.

पोडियम_कोपरा
पुठ्ठा दोन रात्री ठेवला. डाग तीन, तिन्ही काळे, वास इंजिन ऑइलचाच. सगळ्यात मोठा डाग गाडीच्या मध्यापासून डाव्या चाकाकडे. जळका वास नाही, दिवा लागलेला नाही. डिपस्टिक गेल्या ८०० किमीत कमाल खुणेपासून साधारण दोन-तीन मिलिमीटर खाली.

वागळे_शेड
आता इंजिन धुवायचं. पहिली घाई इथेच होते. सगळीकडे काळा चिकटा असताना टॉर्च मारून काही दिसत नाही. चौदा वर्षांची धूळ आणि ऑइल मिळून जो राप बसलाय, त्यात आजची गळती आणि पाच वर्षांपूर्वी सांडलेलं ऑइल सारखंच दिसतं.

इंजिन कोमट असू द्या, हात ठेवता येईल इतकंच. अल्टरनेटर, इंजेक्टरची कनेक्टरं, फ्यूज बॉक्स आणि ईसीयूवर (इंजिनचा कॉम्प्युटर) प्लास्टिक पिशव्या बांधा. डीग्रीझर फवारा, दहा मिनिटं थांबा, नायलॉनच्या ब्रशने घासा. जिथे राप दगडासारखा झालाय तिथे ब्रश आधी थोड्या डिझेलमध्ये बुडवून घासा आणि मग डीग्रीझर मारा, नाहीतर डिझेलचाच ओलावा मागे राहून फसवेल. पेट्रोल अजिबात वापरू नका. मग साध्या पाइपच्या मंद धारेने धुवा. खालून बेल हाउसिंग आणि चेंबर (इंजिनच्या तळाचं ऑइलचं भांडं) चिंधीने पुसून कोरडे करा. पिशव्या आठवणीने काढा, अर्धा तास इंजिन चालवून वाळवा, गार करा.

मग पावडर. साधी टाल्कम पावडर जुन्या मोज्यात भरायची आणि संशयित जागांवर हलकेच झटकायची, पांढरा थर दिसेल इतकीच. वेल्डिंग तपासायला फॅब्रिकेशनवाले जो पांढरा डेव्हलपर स्प्रे वापरतात तो मिळाला तर आणखी छान, थर एकसारखा बसतो. वागळे किंवा रबाळे एमआयडीसीत वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे विचारा. एअर फिल्टरच्या तोंडाजवळ आणि चालू बेल्टवर पावडर मारू नका.
आता गाडी माजिवड्यापर्यंत नेऊन आणा, १५-२० मिनिटं पुरतात. घरी येऊन लगेच बॉनेट उघडा. पांढऱ्यावर ओली काळी रेघ दिसेल. त्या रेघेचं वरचं टोक ही तुमची गळती. खालचं टोक कितीही भरलेलं दिसलं तरी तिकडे बघायचं नाही.

तुर्भे_स्पेअर्स
एक भर. सर्व्हिस सेंटरची प्रेशर वॉशरची बंदूक या कामाला नको. कॉमन रेल इंजिनच्या कनेक्टरमध्ये पाणी घुसलं की गळती बाजूला राहते आणि चेक इंजिनच्या दिव्यामागे पळावं लागतं.

गोटीपाना_दहा
धुऊन होईपर्यंत या इंजिनाच्या गळण्याच्या जागा सांगून ठेवतो. हे फियाटचं १.३ मल्टीजेट घराणं. रांजणगावला आणि मानेसरला बनलं, आणि स्विफ्ट, डिझायर, रिट्झ, इंडिका व्हिस्टा, पुंटो, लिनिया, सगळ्यांत बसलं. त्यामुळे नव्या मुंबईत कुठल्याही दुकानात पॅकिंग (सांध्यात बसणारी, गळती अडवणारी पट्टी) मिळतात, ही मोठी सोय आहे.

वरून खाली येऊ. ऑइल भरायच्या झाकणाचं रबर कडक होतं, चपटं पडतं, आणि त्यातून झिरपलेलं ऑइल इंजिनच्या पुढच्या अंगाने थेट चेंबरपर्यंत येतं. हा सगळ्यात स्वस्त गुन्हेगार, म्हणून आधी तो. मग ब्रीदरचा, म्हणजे इंजिनच्या आतला वायू बाहेर सोडणारा, पाइप आणि त्याच्या क्लिपा. मग कॅमशाफ्टच्या टोकाला, गिअरबॉक्सच्या बाजूला, ब्रेकचा व्हॅक्यूम पंप. इथे थांबून बघा, तुमच्या वर्णनात माझा पहिला संशय यावरच आहे. त्याच्या शेजारीच हाय प्रेशर डिझेल पंप, तिथली गळती डिझेलची असेल.
पुढच्या बाजूला ऑइल फिल्टरचा डबा. झाकणाची ओ-रिंग (गोल रबरी कडी) दर वेळी बदलायची असते, आणि बऱ्याचदा नवीन रिंग पिशवीतच राहून जुनीच परत बसते. फिल्टरच्या डब्यामागे ऑइल कूलरचं पॅकिंग. ऑइल प्रेशर स्विच : त्याचं कनेक्टर उपसून बघा, आत ऑइल असेल तर स्विच फुटलाय, दुसरी चौकशी नको. टर्बोला जाणारा बारीक पाइप दाबाचा आणि खाली येणारा जाड पाइप परतीचा, दोन्हींची तोंडं बघा. इंटरकूलरच्या होजवर हलका ओशटपणा असतोच, ब्रीदरमधून येणाऱ्या ऑइलच्या वाफेचा तो. त्याला गळती म्हणत नाहीत.
टायमिंग चेनचं कव्हर बेल्टच्या बाजूला असतं आणि ते सिलिकॉनने चिकटवलेलं असतं. चेंबरही तसंच. जिथे ब्लॉक, टायमिंग कव्हर आणि चेंबर तिघं एकत्र येतात, त्या कोपऱ्यात सिलिकॉन आधी सुटतं. शेवटी ड्रेन बोल्टचा वॉशर आणि क्रँकची पुढची-मागची सीलं.

शिळफाटा_वळण
चेंबरला खालून मार लागलाय का तेही बघा. पावसाळ्यात घोडबंदरच्या सेवा रस्त्यांवरचे खड्डे आणि सोसायट्यांचे उंच गतिरोधक यांनी चेंबरला पोचा पडतो, कड वाकते आणि सिलिकॉनची रेघ तिथे तुटते. पोचा असेल तर नुसतं बाहेरून सिलिकॉन फासून भागत नाही. ओल्या ऑइलवर ते धरतच नाही.

कोपरी_पूल
यूव्ही डाय वापरला तर? पावडरपेक्षा सोपं वाटतं.

वागळे_शेड
उपयोगी आहे, पण डिझेलमध्ये त्याची एक अडचण आहे. डाय ऑइलमध्ये घालायचा, गाडी चालवायची, मग अंधारात यूव्ही टॉर्च आणि पिवळा चष्मा लावून बघायचं. गळती हिरवट-पिवळी चमकते. पण डिझेलच्या ऑइलमध्ये काजळी भरलेली असते आणि ती तो उजेड गिळते. पेट्रोलच्या गाडीत लख्ख दिसणारी रेघ इथे मळकट दिसते. म्हणून डाय घालायचाच तर ऑइल नुकतं बदललेलं असताना घाला, ऑइलसाठी बनलेलाच घ्या, एसीचा नको, आणि मात्रा बाटलीवर लिहिल्याप्रमाणे. गळती फार हळू असेल, आठवड्याला दोन-तीन थेंब, तर डायच बरा, कारण पावडर तोवर झडून जाते. यांची रोजची गळती आहे, पावडर पुरेल.

पोडियम_कोपरा
धुतलं, वाळवलं, पावडर मारली, माजिवडा गाठून परत आलो. टायमिंग कव्हर कोरडं. फिल्टरचा डबा कोरडा. प्रेशर स्विचच्या कनेक्टरमध्ये काही नाही. ड्रेन बोल्ट किंचित ओशट, थेंब नाही.
बेल हाउसिंगचा वरचा पृष्ठभाग ओला आहे. व्हॅक्यूम पंपाच्या खालच्या कडेपासून हेडवरून (इंजिनचा वरचा भाग) एक बोटभर रुंद काळी रेघ उतरते, बेल हाउसिंगच्या माथ्यावर येऊन दोन फाटे फुटतात आणि दोन्ही बाजूंनी खाली जातात. पंपाच्या वरच्या अर्ध्या भागावर पावडर तशीच पांढरी आहे.

गोटीपाना_दहा
हेच हवं होतं. क्रँकचं मागचं सील बेल हाउसिंगच्या आत असतं. ते गळालं तर ऑइल आतून खाली उतरेल आणि तळाच्या फटीतून किंवा निरीक्षणाच्या भोकातून बाहेर येईल. माथा ओला होण्याचं त्यात काहीच कारण नाही, ऑइल वर चढत नाही.
तरी आणखी दोन गोष्टी पक्क्या करा. कानातल्या काडीला कापूस लावून बेल हाउसिंगच्या तळाच्या भोकातून आत फिरवा. फोनला जोडायचा बारीक एंडोस्कोप कॅमेरा असेल तर आणखी बरं. आत कोरडी काळी भुकटी दिसली तर ती क्लचची धूळ, सील ठीक. आत ओलं, चिकट असेल आणि चढावर क्लच सरकत असेल तर मात्र सीलचीही बाजू आहे.
दुसरं, व्हॅक्यूम पंपाखालचा ओलावा टिश्यूवर घ्या. शेजारीच डिझेल पंप आहे. डाग पातळ होऊन भराभर पसरला तर ते डिझेल, आणि मग काम निराळं. हाय प्रेशरच्या नळ्यांना चालू इंजिनवर हात लावायचा नाही, तिथलं दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं.

पोडियम_कोपरा
तळाच्या भोकातून काडी फिरवली, बाहेर आली ती राखेसारख्या कोरड्या भुकटीने माखून. टिश्यूवरचा डाग काळा, हळू पसरणारा. डिझेलचा वास नाही.

ऐरोली_सेक्टर
म्हणजे पंपच. पण पॅकिंग बदलण्याआधी ब्रीदर बघा. पिस्टनच्या कडेने थोडा वायू खाली क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो ती खोळ) येतोच. त्याला ब्रीदरमधून वाट मिळाली नाही तर आतला दाब वाढतो आणि सगळ्यात अशक्त पॅकिंगमधून ऑइल बाहेर ढकलतो. ब्रीदर तुंबलेला ठेवून पंपाचं पॅकिंग बदललं, तर दोन महिन्यांनी दुसरीकडून गळेल आणि दोष पॅकिंगला लागेल.

ढोबळ चाचणी : आयडलवर ऑइल भरायचं झाकण सैल करून तिथेच ठेवा. हलकं थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल, धूर भसाभसा येत असेल, तर आत दाब आहे.
नेमकी चाचणी करायची तर भंगारातलं जुनं झाकण घ्या, त्याला भोक पाडून नळी बसवा. पारदर्शक नळीचा यू आकार करून त्यात पाणी भरा, दोन्ही बाजूंना फूटभर मोकळी नळी ठेवा, म्हणजे पाणी इंजिनात ओढलं जाणार नाही. आयडलला दोन्ही बाजूंची पातळी जवळपास सारखी राहिली किंवा इंजिनकडे किंचित ओढली गेली तर उत्तम. २५०० आरपीएमला पाणी बाहेरच्या बाजूला चढतच गेलं तर ब्रीदर तुंबलाय किंवा पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. डिपस्टिकच्या नळीवर ही चाचणी करू नका, तिचं टोक ऑइलमध्ये बुडालेलं असू शकतं आणि आकडा खोटा येतो.
ब्रीदरचा पाइप काढून आत बोट घाला. काळी खरकटी साय हाताला लागली तर पाइप आणि सेपरेटर (वायूतून ऑइल वेगळं करणारा भाग) डीग्रीझरने धुवा, पूर्ण वाळवून बसवा. ऑइल कमाल खुणेच्या वर भरलेलं असेल तर तेही काढून खुणेवर आणा.

खारेगाव_नाका
माझ्या गाडीलाही ओलावा आहे. २०डब्ल्यू-५० घातलं तर गळती थांबते असं ऐकलं. आणि ते स्टॉप-लीकच्या बाटल्यांचं काय?

वागळे_शेड
या इंजिनात नको. चेन ताणून धरणारा टेन्शनर आणि व्हॉल्व्हचे टॅपेट हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबावर चालणारे, आणि टर्बोच्या बेअरिंगला सुरू होताक्षणी ऑइल लागतं. ५डब्ल्यू-३० साठी बनलेल्या इंजिनात जाड ऑइल घातलं की सकाळी गार इंजिनात ते उशिरा पोचतं आणि चेन खडखडते. गळती थोडी मंदावेल, बंद होणार नाही.
स्टॉप-लीक रबर फुगवून काम करतं. कडक झालेल्या सीलला काही दिवस फरक पडतो. पण जिथे सिलिकॉन सुटलंय किंवा चपटी झालेली ओ-रिंग आहे तिथे फुगायला काही उरलेलं नसतं. आणि चांगल्या सीलांनाही ते तेवढंच फुगवतं. तुमच्याही गाडीला आधी पावडर मारा.

पोडियम_कोपरा
ब्रीदरच्या पाइपात साय होती, धुतला. झाकण आता थरथरतही नाही. पंपाचं काम घरी जमेल का? गोटी पान्यांचा सेट आणि छोटा टॉर्क रेंच आहे.

गोटीपाना_दहा
जमेल, तीन तास धरा. जागा अडचणीची आहे, काम अवघड नाही.

सामान : तुमच्या चासी नंबरवरून काढलेलं पंप आणि हेडमधलं पॅकिंग, ब्रेक क्लीनर एक कॅन, प्लास्टिकची खरवडणी, लोंबणारे धागे नसलेल्या चिंध्या, नवीन क्लिपा. दुकानात जाताना गाडीचं नाव न सांगता चासी नंबर सांगा. एकच इंजिन वेगवेगळ्या गाड्यांत बसताना पंपाचा पुरवठादार बदलतो, आणि पॅकिंगचा आकार दोन-तीन मिलिमीटरने वेगळा निघतो.

इंजिन पूर्ण गार. बॅटरीचं निगेटिव्ह आधी काढा. एअर फिल्टरचा डबा आणि आड येणारे पाइप काढा. काढलेल्या प्रत्येक तोंडात स्वच्छ चिंधी कोंबा. टर्बोच्या तोंडात वॉशर पडला तर हे काम महागात जाईल.
ब्रेक बूस्टरकडे जाणारा व्हॅक्यूम पाइप प्लास्टिकचा असतो आणि इतक्या वर्षांत ठिसूळ झालेला असतो. ओढू नका. क्लिप दाबून, थोडं फिरवून सोडवा. पाइपाला तडा असेल तर आत्ताच बदला.
पंपाभोवती ब्रेक क्लीनर मारून कचरा उडवा, मगच बोल्ट सोडा. खालून चिंधी लावा, थोडं ऑइल येईल. पंप चिकटला असेल तर स्क्रू ड्रायव्हर फटीत घालून उचकटू नका. अॅल्युमिनियमवर एक ओरखडा पडला की नवीन पॅकिंगही तिथून गळतं. लाकडी दांड्याने कडेने टिचक्या मारा.

पंप निघाल्यावर दोन गोष्टी बघा. जुनं पॅकिंग खालच्या बाजूला चपटं आणि काचेसारखं कडक झालेलं असेल, नखाने दाबलं तर परत उठणार नाही. आणि पंपाचं मागचं झाकण, जिथे पंपाचे दोन भाग जुळतात, ते ओलं आहे का. ते ओलं असेल तर हेडकडचं पॅकिंग बदलून काहीच साधणार नाही. पंपाच्या आतली रिंग किंवा पंपच बदलावा लागतो. हे न बघितल्यामुळे तेच काम दुसऱ्यांदा करावं लागतं.

दोन्ही पृष्ठभाग प्लास्टिकने खरवडा. पॉलिश पेपर किंवा हिरवी घासणी अजिबात नको, तिची कणी हेडमध्ये पडली की बेअरिंगमध्ये जाते. शेवटी ब्रेक क्लीनर कापडावर घेऊन पुसा, थेट हेडच्या भोकात फवारू नका.
बसवताना पंपाच्या टोकाची दातरी कॅमशाफ्टच्या खाचेत बसायला हवी. खाच कशा कोनात आहे ते टॉर्च मारून बघा, पंपाची दातरी हाताने तशीच फिरवा. बरोबर बसला की पंप हाताने हेडला टेकतो. फट राहत असेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका, दातरी मोडेल. बोल्ट आधी सगळे हाताने, मग आलटून पालटून थोडे थोडे.

तुर्भे_स्पेअर्स
टॉर्क : मॅन्युअलमधला आकडा मिळाला तर तोच पाळा. नाहीच मिळाला तर अॅल्युमिनियममधल्या एम-६ ला ९-१० न्यूटन-मीटर, एम-८ ला २० च्या आसपास. लांब दांडीच्या पान्याने एम-६ आवळला तर आटे निघतात, आणि मग हेलिकॉइल (आट्यांची नवी वेटोळी) बसवायला हेडपर्यंत काम जातं.

शिळफाटा_वळण
नवीन पॅकिंगवर पातळसा सिलिकॉनचा हात फिरवला तर जास्त खात्री नाही का?

वागळे_शेड
नाही. ओ-रिंग किंवा रबराच्या पॅकिंगला सिलिकॉन लावलं तर ते सरकतं, खोबणीतून बाहेर पिळून निघतं. स्वच्छ ऑइलचं बोट फिरवा, बास. सिलिकॉन फक्त कंपनीने जिथे सिलिकॉन लावलंय तिथेच, म्हणजे चेंबर आणि टायमिंग कव्हर.
तिथेही धार तीन मिलिमीटरची, अखंड, बोल्टच्या भोकांच्या आतल्या बाजूने. लावल्यापासून पाच-दहा मिनिटांत चेंबर चढायला हवं, कारण हे हवेतल्या दमटपणावर सुकतं आणि आपल्याकडे जुलैत वरची साय लगेच धरते. साय धरल्यावर जोडलं तर चिकटत नाही. पुरतं सुकायला २४ तास द्या, मगच ऑइल भरा. जाड धार लावली तर आतल्या बाजूला पिळून निघालेली शेपटी तुटून ऑइल पंपाच्या जाळीवर जाऊन बसते, आणि इंजिनला ऑइल मिळेनासं होतं. गळतीच्या थेंबांपेक्षा हे फार वाईट.

पोडियम_कोपरा
पंप काढला. हेडकडचं पॅकिंग खालच्या बाजूला जवळपास सहा सेंटीमीटर लांबीत सपाट, एका जागी बारीक चीर. पंपाचं मागचं झाकण कोरडं. नवीन पॅकिंग बसवलं, एम-६ ला ९ न्यूटन-मीटर. इंजिन सुरू केलं, आवाज नेहमीसारखा.

ऐरोली_सेक्टर
रस्त्यावर काढण्याआधी ब्रेक. हा पंप ब्रेकचा आहे, विसरू नका. इंजिन बंद ठेवून पेडल पाच वेळा दाबा, ते दगडासारखं होईल. मग दाबून धरूनच इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली थोडं खाली बसलं पाहिजे. नाही बसलं तर पाइप नीट लागलेला नाही. मग इंजिन दोन मिनिटं चालवून बंद करा, दहा मिनिटांनी दाबा. पहिले एक-दोन दाब तरी मऊ लागायला हवेत, म्हणजे व्हॅक्यूम टिकतोय.

पोडियम_कोपरा
पेडल खाली बसलं, दहा मिनिटांनंतरचे पहिले दोन दाब मऊ. पुन्हा पावडर मारून ठेवली आहे.

कोपरी_पूल
हा धागा शोधत येणाऱ्यांपैकी कुणाचं सील खरंच गेलेलं असेल, तर त्यांनी गिअरबॉक्स उतरवताना काय सांगावं?

गोटीपाना_दहा
क्लच प्लेटची जाडी मोजून दाखवायला सांगा, चांगली असेल तर ठेवा, ऑइल लागलेली असेल तर बदला, ती धुऊन नीट होत नाही. रिलीज बेअरिंग मात्र बदलाच. गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचं सील त्याच वेळी. नवीन सील बसवण्याआधी क्रँकच्या फिरत्या पृष्ठभागावर नख फिरवा. खाच लागली तर सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवावं लागतं, म्हणजे सीलचा ओठ, क्रँकला टेकणारी कड, कोऱ्या जागेवर येतो. ज्या सीलांवर ओठ कोरडे ठेवायची सूचना असते त्यांना ऑइल लावायचं नाही. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचून घ्या. आणि जुनं सील उपसताना स्क्रू ड्रायव्हरने क्रँकला ओरखडा पडला तर नव्या सीलाचा उपयोग नाही, हे आधीच बोलून ठेवा.

पोडियम_कोपरा
४०० किमी झाले. बेल हाउसिंगचा माथा पांढरा, पंपाखालची पावडर जशीच्या तशी. पुठ्ठ्यावर एकच बारीक डाग, ड्रेन बोल्टच्या खाली.

तुर्भे_स्पेअर्स
वॉशर. तांब्याचा किंवा अॅल्युमिनियमचा वॉशर एकदा आवळला की चेपतो, दुसऱ्यांदा नीट धरत नाही. त्यासाठी आत्ता ऑइल काढू नका. बोल्ट आणखी आवळूही नका, आटे जातील. बोल्ट आणि चेंबरवर पांढऱ्या पेंटने एक सरळ रेघ ओढा, बोल्ट सैल होतोय का ते रेघ तुटली की कळेल. पुढच्या ऑइलला नवीन वॉशर. २०११ ची गाडी म्हणजे पंधरा वर्षांचं नूतनीकरण आलंच. आरटीओच्या तपासणीला जाण्याआधी खालून एकदा पुसून घ्या.

खारेगाव_नाका
फरशीवरचे डाग कसे काढले? आमच्या सोसायटीत त्यावरून नोटीस लागली आहे.

वागळे_शेड
ताज्या डागावर कोरडा सिमेंट किंवा लाकडाचा भुसा जाड थराने पसरा, विटेने हलकं चोळा, रात्रभर ठेवा, सकाळी झाडून घ्या. उरलेल्या डागावर भांड्यांचं लिक्विड न पातळ करता ओता, दहा मिनिटांनी कडक ब्रशने घासा, गरम पाण्याने कमीत कमी पाण्यात पुसून घ्या. पोडियमवरचं पाणी पावसाळी गटारातून खाडीकडे जातं, म्हणून झाडलेला भुसा पिशवीत भरून वेगळा ठेवा. ऑइल बदलताना काढलेलं जुनं ऑइल रिकाम्या कॅनमध्ये झाकण लावून साठवा आणि अधिकृत पुनर्वापरवाल्याकडे माल देणाऱ्या वर्कशॉपला द्या. त्यात कूलंट किंवा ब्रेक ऑइल मिसळू नका, मिसळलेलं ते घेत नाहीत.